तळघराची ओल आणि उशिरा आलेला रंग

३ फेब्रुवारी

आज पश्चिमेच्या भिंतीला सहज नख लावलं आणि हातभर लांबीचा पोपडा अलगद हातात आला. गेल्या वर्षी मीच लावलेला ओलरोधक रंग. डब्यावर दहा वर्षांची हमी छापली होती, टिकला अकरा महिने.

पोपडा उलटा करून पाहिला तेव्हा खरा प्रकार कळला. रंगाच्या पाठीला पांढरे, केसांसारखे स्फटिक चिकटलेले आणि त्यांच्यासोबत विटेचा लालसर पापुद्रा. रंग जाताना विटेची कातडीही घेऊन गेला होता. रंग लावण्याआधी भिंतीतलं पाणी आतल्या बाजूला येऊन सुकायचं, आणि त्यातला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, पृष्ठभागावर फुलायचा. झाडून टाकला की मोकळं. मी ती वाटच बुजवली. मग पाणी रंगामागे अडलं, क्षार तिथेच गोठले, आणि वाढत्या स्फटिकांच्या रेट्यापुढे जुन्या, मऊ विटेचं काही चाललं नाही.

मापं लिहून ठेवते. खोली १७ बाय १२ फूट, उंची साडेसात. भिंती दीड फूट जाडीच्या, खाली दगड आणि कमरेच्या वर वीट, सगळं चुन्यात बांधलेलं. मधे कधीतरी कुणीतरी पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आहे. जमीन फरशीची, सांधे मातीचे. उत्तरेला छताजवळ दोन झरोके, त्यातला एक लाकडी फळीने कायमचा बंद केलेला.

दादाचं म्हणणं, खरवड आणि पुन्हा चांगल्यातला रंग लाव. मी म्हटलं, या वेळी पाणी कुठून येतं ते कळेपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही. तो हसला. त्याला वाटतं मी पंधरा दिवसांत कंटाळेन.

५ फेब्रुवारी

ओल तीन वाटांनी येते: जमिनीतून वर चढणारी, बाहेरून भिंत पार करून येणारी, आणि हवेतली वाफ गार भिंतीवर थिजून झालेली. तिन्हींचे डाग डोळ्यांना सारखेच दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून आधी फॉइलची परीक्षा. दीड फुटाचे चौकोन कापले, भिंत फडक्याने आणि केस वाळवायच्या यंत्राने वरवर कोरडी केली आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. भुसभुशीत भिंतीवर पट्टी धरेना. शेवटी पोपड्याखालचा भाग खरवडून टणक जागा शोधली आणि कडेने मऊ पुट्टी दाबून बसवली. चार भिंतींवर सहा चौकोन. जिन्याकडच्या भिंतीवर दोन लावले, एक खाली आणि एक छातीच्या उंचीला.

दोन आर्द्रतामापक आणले होते. शेजारी शेजारी ठेवले तर एक ६२ सांगतो आणि दुसरा ६९. यातला खोटा कोण, हे मिठाने कळतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यावर ओल्या वाळूइतकं होईल एवढंच पाणी, आणि ते झाकण मापकासकट हवाबंद डब्यात रात्रभर. अशा डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी एकाने ६९ दाखवले, दुसऱ्याने ७६. पहिल्यावर मार्करने ‘+६’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘−१’. आता दोघे एकच बोलतात.

८ फेब्रुवारी

फॉइल काढली. पश्चिमेच्या भिंतीवर चौकोनाच्या मागच्या बाजूला पाण्याचे थेंब, पुढची बाजू कोरडी. पाणी भिंतीतून येतंय. जिन्याच्या भिंतीवर नेमकं उलटं: पुढची बाजू ओली, मागे काही नाही. तिथे हवाच पाणी आणून टाकते आहे. उरलेल्या दोन भिंती कोरड्या. एका खोलीत दोन वेगळे आजार, आणि मी दोन्हींवर एकाच डब्यातलं औषध फासलं होतं.

जिन्याच्या भिंतीचा गुन्हेगार फार शोधावा लागला नाही. समोरच दोरीवर दादाचे कपडे वाळत होते. धुलाईच्या एका खेपेतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि बंद तळघरात ते जाणार कुठे? दोरी आजच काढली. दादा गप्प.

पश्चिमेच्या भिंतीत चार इंच खोल ड्रिल करून पूड घेतली. ड्रिल हळू चालवावं लागतं, नाही तर पातं तापून पूड तिथेच सुकते. २० ग्रॅम पूड १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवली. उरली १७.९ ग्रॅम. म्हणजे कोरड्या वजनाच्या जवळपास १२ टक्के पाणी. दर दोन महिन्यांनी त्याच उंचीवर पुन्हा घेणार. डोळ्यांवर माझा आता विश्वास नाही.

११ फेब्रुवारी

डाग नीट पाहिला की तो बोलतो. जमिनीतून चढणारी ओल भिंतभर साधारण एका पातळीत, गुडघा ते कंबर, पट्ट्यासारखी दिसते. आमचा डाग तसा नाही. नैऋत्येच्या कोपऱ्यात छतापर्यंत पोचलेला आणि तिथून उत्तरेकडे उतरत गेलेला. म्हणजे पाणी वरून आणि एका जागेहून.

बाहेर गेले. बरोबर त्याच कोपऱ्यावर पन्हळीचा उभा पाइप उतरतो. खालचं वळण तुटून वेलीमागे पडलेलं, पाइपाचं तोंड थेट भिंतीच्या मुळाशी. छपराच्या या उताराचं क्षेत्र सुमारे ४० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा २५ मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत हजार लिटर पाणी. पाच मोठी पिंपं, दर सरीला, तळघराच्या भिंतीशी ओतलेली. किती वर्षं, कोण जाणे.

आणखी एक. बाहेरच्या जमिनीत कुदळ मारली तर जोत्याच्या दगडाची वरची कड सापडायला नऊ इंच खणावं लागलं. फुलझाडांसाठी माती, मग पायवाटेसाठी भर, मग पुन्हा माती, असं करत जमीन वर आली आहे आणि तिचा उतार घराकडे झाला आहे.

संध्याकाळी जुन्या बांधकामाची कामं करणारे मिस्त्री येऊन पाहून गेले. आत पाच मिनिटं, बाहेर पाऊण तास. म्हणाले, “ताई, हे काम निम्मं खोऱ्याचं आहे. थापी नंतर.”

१५ ते २४ फेब्रुवारी

खोऱ्याचे दहा दिवस. रोज वेगळं लिहावं असं काही नाही, म्हणून एकत्र.

आधी पाइप. नवीन वळण, पुढे बंद पाइप, घरापासून बारा फूट लांब, उताराच्या बाजूला. एका दुपारचं काम. एवढंच जरी आधी केलं असतं तरी निम्मी ओल टळली असती, हे मनात येऊन फार चिडचिड झाली.

मग जमीन. नऊ इंच भर काढून जोतं उघडं केलं. वेल मुळासकट गेली, तिची मुळं दगडांच्या सांध्यांत बोटभर आत शिरली होती. नवा उतार घरापासून लांब, दहा फुटांत सहा इंच. दोरी आणि पाणसळ लावून तीनदा तपासला, कारण डोळ्यांना सपाट वाटणारी जमीन पाण्याला सपाट वाटत नाही.

चराबद्दल आमची बरीच चर्चा झाली. खरं म्हणजे पाणी पायाच्या पातळीला पकडायला हवं, पण तळघराचा पाया आठ फूट खाली आहे. एवढा खोल चर घराला लागून खणणं आमचा घास नव्हे. चार फुटांच्या खाली कडा ढासळू शकतात, आधार लावल्याशिवाय आत उतरायचं नसतं. आणि पायाखाली खणलं तर भिंतच बसायची. मिस्त्रींनी मधला मार्ग काढला: भिंतीपासून तीन फुटांवर, अडीच फूट खोल चर, म्हणजे वरून जिरणारं पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधी अडवायचं. तळाला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर धुतलेली खडी, छिद्रांचा पाइप छिद्रं खाली करून, पुन्हा खडी आणि वरून कापडाची घडी, नाही तर माती आत शिरून दोन-चार वर्षांत सगळं तुंबतं. उतार शंभराला एक. आमच्या चाळीस फुटांत तो जेमतेम पाच इंच भरला.

या चराला फ्रेंच ड्रेन म्हणतात, पण फ्रान्सशी त्याचा संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकी शेतकरी-न्यायाधीशाने १८५९ साली शेताच्या निचऱ्याबद्दल लिहिताना तो लोकांपुढे मांडला आणि त्याचं आडनाव चराला चिकटलं. मिस्त्रींना हे सांगितलं. ते म्हणाले, “आमच्यात याला चरच म्हणतात.”

४ मार्च

आत. सिमेंटचा गिलावा उतरवायला सुरुवात. मिस्त्रींनी छन्नी तिरपी धरायला शिकवली. सरळ मारली की घाव विटेत जातो. काही ठिकाणी गिलावा आधीच सुटलेला, ठोकून पाहिला तर पोकळ आवाज. पण जिथे तो पक्का बसलाय तिथे विटेचा चेहराच घेऊन निघतो. सिमेंट विटेपेक्षा कडक, आणि त्यातून वाफ फारशी पार होत नाही. म्हणून त्याच्यामागे अडलेलं पाणी मऊ विटांतून वर चढत गेलं. गिलावा जिथे संपतो त्या रेषेच्या वर क्षारांचा जाड पट्टा होता, त्याचं कारण आज उमगलं.

गिलाव्याखाली एका जागी तीन जुन्या रंगांचे थर सापडले: हिरवा, मळकट पिवळा, पांढरा. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं. तेव्हा कोरडं घासणं बंद, तेवढा भाग ओला करून खरवडला, तुकडे पिशवीत बांधून वेगळे ठेवले. धुळीसाठी एन ९५ मास्क, कारण वीट-दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते ती कायमची. दादा आधी रुमाल बांधून आला होता. त्याला परत पाठवलं.

तुळयांची टोकं भिंतीत घुसलेली आहेत. सगळ्यांना स्क्रूड्रायव्हरने टोचलं. सहापैकी पाच टणक. नैऋत्येचं टोक पाव इंच मऊ. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की ते कुजायला लागतं, त्यामुळे पाव इंचावर निभावलं हे नशीबच. मऊ भाग तासून काढला, टोकाभोवतीची माती कोरून हवा खेळेल एवढी फट ठेवली. नीट वाळेपर्यंत खाली एक टेकू.

९ मार्च

लोणा झाडला. कोरड्या, मऊ ब्रशने, खाली प्लास्टिक अंथरून, आणि जमलेली पांढरी भुकटी घराबाहेर. दादा पाण्याची बादली घेऊन आला होता, धुऊन टाकू म्हणाला. पाण्याने लोणा विरघळून पुन्हा विटेत जातो आणि सुकताना पुन्हा वर येतो; म्हणजे दरवेळी तीच लढाई.

२ एप्रिल

काहीच घडत नाही आणि हेच काम आहे.

मिस्त्रींचा ठोकताळा: भिंत वाळायला इंचाला एक महिना. दीड फुटाची भिंत म्हणजे अठरा महिने. हे ऐकल्यावर दादाने खुर्चीत बसून घेतलं. पण गिलाव्यासाठी सबंध भिंत वाळायची गरज नाही. आतले चार-पाच इंच ठीक झाले आणि बाहेरून नवं पाणी थांबलं असेल, तर उरलेलं पाणी श्वास घेणाऱ्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडत राहतं.

लोणा दर आठवड्याला झाडते आहे. पहिल्या आठवड्यात दोन मुठी, आता जेमतेम चिमूट.

९ एप्रिल

दुसरा नमुना: २० ग्रॅमचे उरले १८.६. साडेसात टक्के. आता लोणा कमी दिसतो यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, आणला. मिस्त्री म्हणाले, त्याला भिंतीपासून लांब ठेवा आणि जोरात चालवू नका. भराभर वाळवलं की क्षार घाईघाईने पृष्ठभागाशी ओढले जातात आणि विटेचा चेहरा पुन्हा सुटतो. साठ टक्क्यांवर लावून ठेवलाय. पहिल्या दिवशी टाकीत चार लिटर.

७ मे

आजचा मूर्खपणा लिहून ठेवलाच पाहिजे.

बंद केलेल्या झरोक्याची फळी काढली, दुसरा झरोकाही उघडला, वर जिन्याचं दार सताड, आणि पंखा लावला. दुपारी चार वाजता खाली उतरले तर जिन्याची भिंत अक्षरशः घामाघूम. फरशीवर पावलं उमटत होती. महिनाभर वाळवलेलं तीन तासांत परत.

नंतर आकडे मांडले. बाहेर ३० अंश, आर्द्रता ७० टक्के. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला ती पाणी सोडू लागते तो, २४ अंशांच्या आसपास येतो. जिन्याच्या भिंतीमागे माती आहे. भिंतीचं तापमान मोजलं तर २१. म्हणजे बाहेरची हवा या भिंतीला टेकली की तिने पाणी सोडलंच पाहिजे. मी खोलीला वारा देत होते, प्रत्यक्षात पंख्याने पाणी भरत होते. तळघराला मोकळी हवा हवी हा सल्ला चूक नाही, पण कुठली हवा ते पाहायला हवं.

आता जिन्याच्या वरच्या पायरीवर तक्ता चिकटवलाय. बाहेरचं तापमान आणि आर्द्रता पाहायची, दवबिंदू वाचायचा, आणि तो भिंतीपेक्षा निदान तीन अंश खाली असेल तरच झरोके उघडायचे. नाही तर सगळं बंद आणि यंत्र चालू.

१३ मे

गेले तीन दिवस कोरडा वारा. पहाटे बाहेर २२ अंश, ६० टक्के. दवबिंदू जेमतेम १४. पाच ते आठ झरोके उघडे. आत ७१ वरून ६३. तक्ता कामाला आला.

१८ ते २९ मे

सांधे आणि गिलावा.

सांध्यांतला भुसा झालेला चुना इंचभर खोल कोरला, धूळ काढली, पाणी शिंपडलं आणि नवीन चुना दाबून भरला. मिश्रण एक भाग विरवलेला चुना, तीन भाग चरचरीत वाळू. या वाळूतला एक हिस्सा काढून त्याजागी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि दमट, बंद जागी ते फार संथ चालतं. सुरखी चुन्याशी पाण्यातही बांधली जाते, म्हणून इथे तिची मदत. ही जोडी फार जुनी आहे. पाण्याच्या टाक्या आणि न्हाणीघरं यांच्यात ती दोन हजार वर्षांपूर्वीही वापरत.

“पाणी कमी, हात जास्त,” हे मिस्त्रींनी इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही ऐकत असेन. चुन्याचं मिश्रण सुरुवातीला कोरडं वाटतं. मळत राहिलं की तेच लोण्यासारखं सुटतं. घाईने पाणी घातलं की सुकताना तडे.

गिलावा दोन थरांत, प्रत्येक बोटाच्या जाडीपेक्षा कमी. पहिल्या थरावर खिळ्यांच्या फळीने तिरप्या रेघा ओढल्या, आठ दिवस ओली पोती टांगून ठेवली, मग दुसरा. दुसऱ्याला लाकडी रंधा, लोखंडी नाही. लोखंडी थापीने घोटलं की वरची साय बंद होते. गिलावा फरशीच्या इंचभर वर थांबवला, म्हणजे जमिनीची ओल त्यात चढणार नाही. ती इंचभर फट दादाला अपुरं काम वाटते. तो अजून अधूनमधून तिच्याकडे बघतो.

फरशीचे मातीचे सांधे सिमेंटने भरायचा मोह झाला होता, कारण झाडताना त्रास होतो. नाही भरले. जमीन बंद केली की तिचं पाणी कडेला सरकून भिंतीत शिरणार.

कोपऱ्यातल्या तीन फुटांवर वेगळा गिलावा केला: जास्त वाळू, कमी चुना, मुद्दाम कच्चा. तिथली वीट क्षारांनी भरलेली आहे. ते क्षार या गिलाव्यात येऊन बसतील, तो खराब झाला की काढून नवा लावायचा. वीट वाचते.

८ जून

तिसरा नमुना: २० चे १९.२. चार टक्क्यांच्या जरा वर.

आता रंग. तीन पर्याय होते. साधा प्लास्टिक रंग विचारातच नव्हता. सिलिकेटचा रंग चांगला; १८७८ साली आडोल्फ विल्हेल्म काइम या जर्मन माणसाने त्याचं पेटंट घेतलं. तो भिंतीवर थर धरण्याऐवजी दगड-चुन्याशी रासायनिक जोडला जातो आणि वाफ जाऊ देतो. पण ताज्या गिलाव्यावर चुन्याचाच हात सगळ्यात सोपा, बिघडला तर दुरुस्तही सहज होतो, आणि चुना अल्कधर्मी असल्याने बुरशीला थारा मिळत नाही. चुना ठरला.

एका ओळखीच्यांनी चुन्यात मूठभर मीठ घालायला सांगितलं, पक्का बसतो म्हणे. मिठाने चुना ओल धरतो आणि सावकाश वाळतो, त्यामुळे उघड्यावर फायदा होतही असेल. इथे चार महिने क्षार बाहेर काढतेय. पुन्हा हाताने आत घालणार नाही.

१० जून

पहिला हात वाया.

विरवलेला चुना दह्याइतका दाट ठेवला. लवकर झाकेल, दोन हातांत काम होईल, असा हिशोब. भिंतही पुरेशी भिजवली नाही. संध्याकाळपर्यंत छान पांढरी, सकाळी हात फिरवला तर तळवा पांढरा आणि भिंतीवर जाळीसारखे तडे. कोरड्या गिलाव्याने चुन्यातलं पाणी ओढून घेतलं आणि चुना पक्का व्हायच्या आत भुकटी झाला. सगळा कुंच्याने झाडून काढला. अर्धा दिवस.

१२ ते २० जून

नीट. चुना फडक्यातून गाळला आणि पातळ दुधाइतका केला. आधी भिंतीवर फवारा, चकाकणारं पाणी जिरलं की लगेच हात. कुंचा उभा-आडवा, घासून. लावताना तो जवळजवळ पारदर्शक असतो. दिसत नाही म्हणून आणखी लावायचा मोह आवरायला हवा. वाळताना रंग वर येतो. दर हातामध्ये एक दिवस, आणि पुढच्या हाताआधी पुन्हा हलका फवारा. एकूण पाच हात.

चष्मा आणि रबरी हातमोजे सक्तीचे. ओला चुना कातडी जाळतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरकडे. छत करताना दादाच्या मनगटावर ओघळ आला, त्याने दुर्लक्ष केलं, रात्री लाल चट्टा. आता तोच सगळ्यांना हातमोज्यांवरून बोलतो.

चौथ्या हाताला खोली बदलली. दोन झरोक्यांतून येतो एवढाच उजेड, पण चुन्यावरून तो पसरतो, चकाकत नाही. खालच्या पायरीवर उभं राहिलं की समोरचा कोपरा दिसतो. तो मी आजवर टॉर्चशिवाय पाहिला नव्हता.

५ जुलै

दोन दिवस सलग पाऊस. खऱ्या परीक्षेचा दिवस, म्हणून रात्री अकराला आणि पहाटे पाचला खाली जाऊन आले. चराच्या पाइपाचं तोंड अंगणाच्या खालच्या टोकाला आहे; तिथून अंगठ्याएवढी धार. पश्चिमेची भिंत कोरडी.

कोपऱ्यात मात्र सकाळी हातभर रुंद काळपट डाग. पोटात गोळा आला. पाऊस, पाइप, चर, सगळं एकदा मनात उलटंपालटं झालं.

७ जुलै

डागावर फॉइल लावली होती. मागची बाजू कोरडी! पाणी भिंतीतून येत नाही. विटेत उरलेले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. साधं मीठ ७५ टक्क्यांना पाणी धरायला लागतं, भिंतीतले काही नायट्रेट तर ५० च्या आसपासच. काल आत आर्द्रता ७४ टक्के होती. यंत्र लावून ५८ वर आणली आणि दुपारपर्यंत डाग फिका पडला. मिस्त्रींना फोन केला. “म्हणूनच तिथे कच्चा गिलावा केलाय ना आपण,” एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या कामाचं बोलायला लागले.

डाग राहणार. वर्ष-दोन वर्षांनी तेवढा गिलावा काढून नवा करायचा.

१४ सप्टेंबर

मोठे पाऊस होऊन गेले. नमुना: २० चे १९.३. आर्द्रता ५६ ते ६४ मध्ये, यंत्राच्या टाकीत दिवसाला अर्धा लिटर. कुबट वास गेलाय. हे मला कळलं नाही, बाहेरून आलेल्या बहिणीला कळलं. आमच्या नाकांना सवय झाली होती. नैऋत्येच्या तुळईचं टोक टणक, टेकू काढला.

मांडण्या लोखंडी, भिंतीपासून तीन इंच पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. पुठ्ठ्याचे खोके नाहीत. कपड्यांची दोरी परत बांधायचा प्रस्ताव दादाने एकदा मांडून पाहिला.

कोपऱ्यात आणि जिन्याच्या कडेला खांदे घासून चुना थोडा उडालाय. पुढच्या वर्षी तिथे एक पातळ हात. उरलेला चुना झाकणाच्या पिंपात ठेवला आहे, वर चार बोटं पाणी. निवळी आटू द्यायची नाही, दर महिन्याला झाकण उघडून पाहायचं. मिस्त्री म्हणतात, पाण्याखाली जितका मुरेल तितका पुढच्या वर्षी कुंच्यावर चांगला चालेल.